घर दाखवणाऱ्या टिपणीसकाकू

घर बघायला आलेल्या माणसाला सगळ्यात आधी संडास-मोरी दाखवायची, असं टिपणीसकाकूंचं ठाम मत होतं. "हॉल काय मेला, सगळे सारखेच. सोफा टाकला की झाला हॉल. मोरी बघून बाहेर आलेल्या माणसाचं तोंड वाकडं झालं नाही, तर पुढचं घर दाखवायचं. नाहीतर कशाला चहाचं आधण फुकट घालवा?" हे त्या इतक्या गंभीरपणे सांगायच्या की समोरच्याला हसायचीही चोरी.

अंबरनाथ पूर्वेला, मोरिवलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे आमची तीन मजली बिल्डिंग. मी लग्न होऊन तिथे आले ते ऐंशीच्या आसपास. काकू तळमजल्यावर एकट्याच राहायच्या. काका केमिकल कंपनीत ऑफिसर होते, ते माझ्या लग्नाआधीच गेलेले. एकुलती एक वासंती डोंबिवलीला दिलेली. काकू उंच, हाडकुळ्या, सकाळी सहालाच अंबाडा घालून तयार. आवाज असा खणखणीत की त्यांनी खालून हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरचे कावळे उडायचे. प्रेमाने बोलल्या तरी नवख्याला वाटायचं, बाई भांडतेय.

गावाला निघालेला जो तो किल्ली त्यांच्याकडे ठेवून जायचा. तिथूनच सगळं सुरू झालं. आमच्या समोरचे बदली होऊन नागपूरला गेले आणि फ्लॅट विकायला काढला. दलाल आठवड्याला कुणाला ना कुणाला घेऊन यायचा, बुटांनी आत शिरायचा, दार उघडलं की आतून असा भपकारा यायचा की पार्टी उंबऱ्यावरूनच परत. एक दिवस काकू पदर खोचून वर आल्या. म्हणाल्या, "अगं, बंद घराची मोरी सुकते. जाळीखालचं पाणी आटलं की गटाराचा वास वर येणारच. या मेल्याला एवढं कळत नाही आणि दलाली मागतो." आम्ही दोघींनी बादल्यांनी पाणी ओतलं, खिडक्या उघडल्या, लादी पुसली, भिंतीवरची जुनी कॅलेंडरं काढली. मी उदबत्ती आणली तर माझ्यावरच खेकसल्या, "ठेव ती. उदबत्ती लावली की माणसाला वाटतं, काहीतरी झाकतायत." मग माझा वातीचा स्टोव्ह ओट्यावर ठेवून त्यांनी दूध तापत ठेवलं. त्या दिवशी आलेल्या जोडप्याने घर घेतलं. बाई म्हणे स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या नवऱ्याला म्हणाली, इथे बरं वाटतंय.

तेव्हापासून घर विकायचं म्हटलं की लोक आधी काकूंकडे. आमच्याच नाही, आजूबाजूच्या बिल्डिंगमधलेही. दलाली त्यांनी कधी घेतली नाही. नव्या माणसांनी त्या घरात पहिल्यांदा शिजवलेल्या जेवणाचं एक ताट मात्र त्यांच्याकडे आलं पाहिजे. ते ताट त्या हात धुऊन, पाट मांडून जेवायच्या.

त्यांचे नियम फार. गिऱ्हाईक बोलवायचं ते पाण्याच्या वेळेला, कारण बिल्डिंगमधली माणसं कशी आहेत ते पाणी भरताना कळतं. घरमालकाने तेवढा वेळ बाहेर फिरून यायचं, कारण मालक उगाच कौतुक करत बसतो. कंपन्यांकडून वारा सुटला आणि तो आंबूस, डोळ्यांत जाणारा वास आला तरी खिडकी लावायची नाही. "वास आहे तो आहे. आज लपवलात तर परवा राहायला आल्यावर तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील. घर दाखवायचं म्हणजे मुलगी दाखवायची नाही रे बाबांनो, सासर दाखवायचं."

त्यांचीही फजिती झाली एकदा, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली. तिसऱ्या मजल्यावरचं रिकामं घर दाखवायचं होतं. दुधाने काम होतं तर आणखी थोडं करू, असं त्यांच्या मनाने घेतलं. माझ्या दोन साड्या आतल्या दोरीवर वाळत घातल्या, स्टोव्हवर माझा कुकर चढवला, दाराशी माझ्या चपला. घर कसं नांदतं दिसायला लागलं! कुर्ल्याच्या चाळीतून एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. चपला बघितल्या, साड्या बघितल्या, कुकरने शिट्टी दिली, तशी दोघं एकमेकांच्या कानात कुजबुजली आणि चहा न घेता जिना उतरून गेली. संध्याकाळी दलाल कपाळावर हात मारत आला. "काकू, काय केलंत हो! पार्टी म्हणते आत भाडोत्री बसलाय." आता त्या काळात भाडोत्री म्हणजे काय ते तेव्हाच्या माणसाला विचारा, एकदा बसला की कोर्टालाही हलत नसे. भूत परवडलं, त्याला मांत्रिक तरी आणता येतो. काकू एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "माझंच चुकलं गं. रिकामं घर रिकामं दिसायला हवं होतं." त्यानंतर फक्त दूध.

पण त्यांच्या खरेपणाने सगळ्यांचं भलं झालं, असं मी म्हणणार नाही. वरच्या मजल्यावरच्या पाटणकरांनी पावसाळा संपता संपता भिंतीला चुना मारून घर विकायला काढलं. काकूंनी गिऱ्हाइकाला थेट त्या भिंतीपाशी नेलं. "इथे ओल येते. चुना परवाचाच आहे." गिऱ्हाईक गेलं. दुसरं आलं, त्यालाही तेच. पाटणकर जिन्यात उभे राहून ओरडले, "तुम्हाला घर दाखवायला सांगितलंय की मोडायला?" शेवटी घर गेलं, पण मनासारखं नाही आणि वेळेवर तर नाहीच. जाताना त्यांनी सगळ्यांना पेढे दिले, काकूंना सोडून. काकू दारात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या शाळकरी मुलीच्या हातावर दही घातलं. मी चिडले होते. म्हटलं, कशाला हो? तर म्हणाल्या, "पोर परगावी निघालीय. तिचं काय त्यात?"

आणि मग सावंतांचं घर.

सावंत दुसऱ्या मजल्यावर, कोकणातली साधी माणसं. त्यांचा दिलीप बारावीला नापास झाला. सावंतांनी त्याला मारलं. जिन्यापर्यंत आवाज आला होता. दुसऱ्या दिवशी तो दूध आणायला म्हणून गेला तो परत आला नाही. पोलीस झाले, नातेवाईक झाले, नवससायास झाले. पुढे सावंतांच्या कंपनीला टाळं लागलं, आणि त्या दोन्ही गोष्टी उरावर घेऊन सावंत एका पहाटे झोपेतच गेले. सावंतवहिनींना ते घर एकटीने चालवणं शक्य नव्हतं. त्यांचा भाऊ बदलापूर गावात होता, तो म्हणाला, घर विका आणि माझ्याकडे या.

वहिनी काकूंकडे आल्या तेव्हा मी तिथे तांदूळ निवडत बसले होते. वहिनी मुळातच हळू बोलणाऱ्या. म्हणाल्या, "काकू, घर दाखवा. पण दारावरची आमची पाटी काढायची नाय, असं घेणाऱ्याकडून कबूल करून घ्या."

"मी आहे ना खाली," काकू म्हणाल्या. "दिलीप आला की मी सांगेन की तू कुठे आहेस."

वहिनींनी मान हलवली. "तो कोणाक विचारूचा नाय, काकू. मी आई हाय त्याची. तो गुपचूप जिना चढेल, पाटी बघेल. दुसऱ्याचं नाव दिसलं तर तसाच मागे फिरेल. त्याला हा एकच पत्ता म्हायत."

काकू म्हणाल्या, "बरं."

झालं! तेव्हापासून आमच्या काकू गिऱ्हाइकाला मोरीच्याही आधी ती पाटी दाखवायला लागल्या. दार उघडायच्या आधी, जिन्यात उभं करून. "हे नाव राहील. कबूल असेल तर आत या." लोक दचकायचे. कुणी म्हणायचं, आमच्या दारावर दुसऱ्याचं नाव कसं? कुणी म्हणायचं, उद्या मुलगा येऊन हक्क सांगेल. कुणी नुसतंच हसायचं. दलाल तर यायचेच बंद झाले. आणि मालकाने बाहेर जायचं हा नियम काकूंनी या घरापुरता मोडला. वहिनी आतल्या खोलीच्या दाराशी पाटावर बसून राहायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड निरखायच्या. घराविषयी एक शब्द बोलायच्या नाहीत. निघताना मात्र प्रत्येकाला विचारायच्या, "पाटी ठेवाल ना?"

मध्येच वासंतीच्या दिराने ते घर घ्यायचं मनावर घेतलं. वासंती स्वतः सांगायला आली. घरातल्या घरात होईल, आईच्या जवळ आपलं माणूस येईल, सगळ्यांनाच बरं. दीर आला, घर आवडलं, पाटीलाही हो म्हणाला. काकूंनी विचारलं, "किती दिवस ठेवाल?" तो हसला. "बघू ना काकू, वर्षभर ठेवू. नंतर काय, त्यांचंही मन रमेल." काकूंनी किल्ली कनवटीला लावली आणि म्हणाल्या, "मग नाही जमायचं." वासंती रडली, ओरडली. "परक्यांसाठी माझ्या सासरी माझी मान खाली घालायला लावलीस," म्हणाली. त्या दिवाळीला ती माहेरी आली नाही. काकूंनी फराळ केला होता सगळा. भाऊबीज संपल्यावर चिवड्याचा डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, "वाईट वाटतं गं. खूप वाईट वाटतं. पण त्या बाईला मी बरं म्हटलंय."

लाजवंती आली ती त्यानंतर. उल्हासनगरच्या कॅम्पातली सिंधीण, गोरीपान, ठेंगणी, नवऱ्याचं कापडाचं दुकान. जिना चढून धापा टाकत ती पाटीपुढे थांबली. "ये किसका नाम है?"

काकूंचं हिंदी म्हणजे आनंदच होता. "इनका लडका गया है. वो आयेगा तो उसको समजना चाहिये. इसलिये ये पाटी निकालने का नहीं. कबूल है तो आव."

लाजवंती पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मेरी सास का भाई सिंध से आते वक्त रास्ते में छूट गया था. यहाँ कॅम्प में जो बॅरक पहले मिली, सास ने मरने तक नहीं छोडी. छत टपकती थी, लडकों ने पक्का घर बनाया, तो भी नहीं छोडी. बोलती थी, किसी ने उसको यही नंबर बताया होगा." तिने डोळे पुसले. "ये तो एक पटिया है, अदी. रहने दो." अदी म्हणजे ताई, हे आम्हाला नंतर कळलं.

आत जाऊन तिने वहिनींचा हात धरला. वहिनींनी विचारायच्या आधीच म्हणाली, "रखूँगी." वहिनी पाटावरून उठल्या आणि आतल्या देवांपाशी जाऊन रडल्या. इतक्या महिन्यांत त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

लाजवंतीने आपल्या नावाची पाटी लावलीच नाही. म्हणाली, हमको कौन ढूँढने आएगा, दुकान सबको मालूम है. पोस्टमनलाही सवय झाली. पहिल्या दिवशीची कढी आणि भात तिने काकूंकडे पाठवला आणि पुढे दर सणाला काही ना काही पाठवत राहिली. जिन्यात अनोळखी पाऊल वाजलं की हातातलं टाकून दार उघडायची. वहिनी अधूनमधून दुपारच्या बदलापूरहून यायच्या, काकूंकडे बसायच्या, चहा घ्यायच्या. काकू विचारायच्या आधीच सांगून टाकायच्या, "नाही गं, कोणी नाही." वहिनी म्हणायच्या, "येईल." अशी वर्षं गेली. वासंतीचा राग कधीच निवला होता. काकूंचे गुडघे गेले. घरं दाखवणं त्यांनी सोडलं, दोन मजले चढणंच होईना.

आणि एका श्रावणात वहिनी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं.

तेरावं झाल्यावर लाजवंती खाली आली. पाटीचं विचारायलाही तिला अवघड जात होतं. "अदी, अब निकाल दूँ?"

"नको," काकू म्हणाल्या. "आता तर पाहिजेच. आई गेली हे त्याला घरात बसवून सांगितलं पाहिजे. रस्त्यात कोणी सांगायला नको." लाजवंतीने मान डोलावली. पाटी राहिली.

दिलीप आला तो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी. लाजवंती गच्चीवर पापड वाळत घालायला म्हणून दाराबाहेर आली तर पाटीपुढे एक माणूस उभा. केस विरळ झालेले, हातात रेक्झिनची पिशवी. तिने नाव विचारलं नाही. त्याचं मनगट धरलं आणि जिन्यातून खाली ओरडली, "अदी! आ गया! आ गया!"

काकू वर आल्या. कठडा धरून, मध्ये मध्ये बसत, पण आल्या. मी मागून पाण्याचा तांब्या घेऊन गेले. दिलीप खुर्चीच्या कडेला टेकला होता आणि भिंतींकडे बघत होता. भिंतींचा रंग वेगळा, देव वेगळे, सामान वेगळं.

"बाबा?" त्याने विचारलं.

"गेले रे," काकू म्हणाल्या. "तू गेल्यावर काही वर्षांनी. झोपेत गेले, त्रास झाला नाही."

"आई?"

"आईही गेली. घर आता हिचं आहे, पाटी तेवढी तुझ्यासाठी ठेवलीय."

तो रडला नाही लगेच. सुरतेला लूमवर होतो, आता वापीला असतो, असं काहीतरी सांगत सुटला. मग एकदम थांबला आणि म्हणाला, "मी आलो होतो एकदा. इथवर आलो होतो."

"कधी?"

"तीनेक वर्षं झाली. गणपतीचे दिवस होते. पाटी बघितली. म्हटलं, आहेत. आतून फोडणीचा वास येत होता. बाई हसल्याचा आवाज आला. मला वाटलं, आई हसतेय. म्हटलं, सावरलीयत दोघं, आता आपण कशाला पुन्हा... बेलवर हात ठेवला आणि काढला." त्याने काकूंकडे बघितलं. "तेव्हा आई..."

त्या गणपतीत वहिनी आमच्याकडे मोदक खाऊन गेल्या होत्या. मला ठाऊक होतं. लाजवंतीला ठाऊक होतं, त्या दिवशी हसली होती ती तीच असणार. पाटी नसती तर तो निदान कुणाला विचारता तरी, हे माझ्या डोक्यात आलं. काकूंच्या डोक्यात ते माझ्या आधीच आलं असणार. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नव्हती रे बाळा," त्या म्हणाल्या. त्याच खणखणीत आवाजात. "तुझे बाबा गेले आणि वर्षाच्या आत तीही गेली. तू बेल वाजवली असतीस तरी भेटली नसती."

"नक्की ना काकू?"

"मी होते ना तिच्या उशाशी. तुला काय कमी-जास्त सांगू?"

तेव्हा तो रडला. काकूंच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून, तोंड उघडं टाकून रडला. लाजवंती माझ्याकडे न बघता उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला लागली. काकू त्याच्या विरळ केसांवरून हात फिरवत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, बदलापूरला मामा आहे का अजून, जाऊन येतो.

"जा की. पण आधी जेव. माणूस या घरातून उपाशी जात नाही," काकू म्हणाल्या आणि मला खूण करून जिन्यात आल्या.

मी त्यांना हाताला धरून खाली नेलं. घरात शिरून त्यांनी पाकीट घेतलं, चपला चढवल्या. मी म्हटलं, काकू, या उन्हात कुठे?

"रिक्षा करते आणि बदलापूर गाव गाठते. त्याच्या मामाला आधी सांगितलं पाहिजे, बहीण वर्षाच्या आतच गेली म्हणायचं. आणि मामी बोलघेवडी आहे, ती पटकन बोलून जाईल." त्यांना धाप लागली होती. "तू वर जा. लाजवंतीला सांग, चपात्या सावकाश लाट म्हणावं. त्याला वाढत राहा."

त्यानंतरही काकू काही वर्षं होत्या, शेवटी वासंतीकडे गेल्या. पण मला त्या आठवतात त्या तशाच. वैशाखाच्या उन्हात, डोक्यावर पदर, एक हात गुडघ्यावर दाबून रिक्षा स्टँडकडे चाललेल्या, जवळजवळ धावतच. वळणापर्यंत मी बघत होते. मग वर गेले आणि दिलीपच्या ताटात आणखी भात वाढला.